तिसरा खण

माझे वडील दवाखान्याच्या दप्तरात दोन होते. माणूस एक, कार्डं दोन. नव्या कार्डावर त्यांचं नाव आपल्याकडे लिहितात तसंच होतं: आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग कोकणातल्या गावाला 'कर' लावून झालेलं आडनाव. जुनं कार्ड मात्र ते इस्रायलला आले त्या पहिल्या महिन्यातलं. मित्स्पे रामोनच्या दवाखान्यात ज्या बाईने ते लिहिलं, तिला तीन तुकड्यांचं नाव आयुष्यात भेटलं नसावं. तिने मधला तुकडा, म्हणजे माझ्या आजोबांचं नाव, आडनावाच्या चौकटीत लिहिला आणि उरलेलं आडनाव 'वडिलांचे नाव' या चौकटीत ढकलून दिलं. ओळखपत्र अजून हातात पडलं नव्हतं, त्यामुळे ओळखपत्राच्या नंबराची चौकट कोरीच राहिली.

वडील यावर हसायचे. "त्या कार्डावर माझा बाप म्हंजे आख्खा गाव," म्हणायचे.

पण त्याच कार्डावर लाल शाईने लिहिलेली एक ओळ होती. वडिलांना दमा. त्या पहिल्या वर्षी कामावर पायावर दगड पडला, दवाखान्यात दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत त्यांचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. ऍस्पिरिन आणि त्याच्या जातीतलं कुठलंही औषध त्यांना चालत नाही, हे असं कळलं. ती सूचना जुन्या कार्डावर. पुढे दम्याला मानवणाऱ्या हवेसाठी ते अरादला राहायला आले, जुनं कार्डही तिथल्या कपाटात आलं, पण आडनावाखाली सापडलं नाही म्हणून नवं निघालं, आणि त्यावर या गोष्टीचा उल्लेखच नाही. दोन कार्डं एक करायची तर मुख्य कचेरीतली समिती बसावी लागे. तोवर एका कार्डावरचं दुसऱ्यावर कोणी उतरवायचं नाही, असा कडक नियम होता. समिती कधी बसते हे विचारलं की सगळे खांदे उडवायचे.

हे सगळं मला कळलं तेव्हा मी तेल अविवच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. वडील आधी एकटेच इकडे आले होते. आई आणि मी ठाण्यात राहिलो, माझी शाळा तिथेच झाली, मग आम्ही आलो. आता आईही नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कंपनीकडे दक्षिणेतल्या दवाखान्यांचं दप्तर कॉम्प्युटरवर आणायचं काम आलं, आणि अरादला बाप असलेली मी एकटीच, म्हणून मला धाडलं. मी फुगूनच गेले होते. वाळवंटातल्या त्या पेंगुळलेल्या गावाला आपण कॉम्प्युटर शिकवणार, या तोऱ्यात.

दवाखान्याच्या खिडकीमागे मावशी बसायच्या. नात्याच्या नाहीत, पण आम्हा कोकणातल्या ज्यूंत असं वय आणि असा आवाज असलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? कोकणातल्या खेड्यातून मुंबई, मुंबईहून इथे. पंचवीस-तीस वर्षं त्याच खिडकीत. त्यांचं मराठी त्या विमानात बसल्या त्या दिवशी थांबलं होतं, आणि ते ऐकताना मला आजोळच्या ओटीवर बसल्यासारखं वाटे.

"तू त्याची पोर ना गो?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं. "नाक बापाचा हाय. ये, बस. मखशेव बसवायला आलीस का?" मखशेव म्हणजे कॉम्प्युटर. तेवढा एक हिब्रू शब्द त्या चवीने उच्चारायच्या.

त्यांच्या पाठीमागे कार्डांची लोखंडी कपाटं होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आणि टेबलावर तीन लांबट लाकडी खण. हे खण दवाखान्याने दिलेले नव्हते, मावशींनी स्वतः सुताराकडून करून घेतले होते. तिन्हींत चिठ्ठ्या, अक्षरक्रमाने उभ्या लावलेल्या. पहिल्या खणात आताच्या आडनावाच्या, दुसऱ्यात जुन्या आडनावाच्या, कारण इथे येऊन कितीतरी जणांनी हिब्रू आडनावं घेतली होती. तिसऱ्यात 'वडिलांचे नाव' या चौकटीत जे काही लिहिलं असेल त्याच्या. प्रत्येक चिठ्ठीवर फक्त तो शब्द आणि कपाटातल्या कार्डाचा नंबर. मी ते खण पाहिले, मनात म्हटलं, बिचाऱ्या, आणि माझ्या यंत्राची खोकी उघडायला लागले.

कार्डं भरून झाल्यावर शोधायचा पडदा मी एका दुपारी लिहिला. माणूस खिडकीशी येऊन आडनाव सांगणार. ते टाइप केलं की यंत्राने अशी कार्डं दाखवायची, ज्यांत तो शब्द आताच्या आडनावाच्या चौकटीत आहे, किंवा जुन्या आडनावाच्या, किंवा वडिलांच्या नावाच्या. आमच्या लोकांच्या नावाचे तीन तुकडे कुठल्या चौकटीत पडतील ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होतं, म्हणून दोन 'किंवा' घालून तिन्ही चौकटी धुंडाळणं आलंच. मी मोठ्या झोकात वडिलांचं आडनाव टाकलं आणि बटण दाबलं.

पडदा गप्प. मी गप्प. मावशींनी एका पेशंटचं कार्ड काढून दिलं, दुसऱ्याचं ठेवलं, तिसऱ्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली. चार मिनिटांनी नावं उमटली.

"आलं का?" मावशींनी विचारलं. "तोवर माणूस घरी जाऊन जेवून येल."

त्या टोमण्यापेक्षा मला जास्त झोंबलं ते हे, की मला कारण कळत होतं. डेटाबेसमध्ये इंडेक्स नावाची सोय असते. मूळ दप्तर हवं तसं विस्कळीत असो, एका चौकटीतल्या शब्दांची वेगळी, क्रमाने लावलेली यादी यंत्र जवळ बाळगतं, शब्दापुढे जागेचा पत्ता. मग लाखांवरच्या ओळींतून एक काढायला त्याला तीन-चार उड्या पुरतात. हे मी कॉलेजात शिकले तेव्हा अंगावर काटा आला होता आणि खरं सांगते, अजून येतो. एवढ्या गर्दीतून न धुंडाळता थेट माणसापाशी पोचायचं! पण मी इंडेक्स केला होता पहिल्या दोन चौकटींवर. वडिलांच्या नावावर नव्हता. आणि 'किंवा'ची गंमत अशी, की तिन्हींतली एक चौकट जरी बिनइंडेक्सची असली तरी तिच्यासाठी यंत्राला सगळं दप्तर ओळीने वाचावंच लागतं. आणि सगळं वाचायचंच आहे तर बाकीचे दोन इंडेक्स कशाला उघडा, म्हणून ते त्यांनाही बाजूला ठेवतं.

मी तिसरा इंडेक्स केला. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा चार मिनिटं. आमचं त्या काळचं यंत्र इतकं हट्टी होतं, की तिन्ही वाटा मोकळ्या करून दिल्या तरी एकाच वाक्यात दोन 'किंवा' दिसले की ते घाबरायचं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसायचं. कुठल्या वाटेने जाणार ते त्याला आधी विचारता येतं. मी विचारलं. उत्तर एकच: सगळं दप्तर वाचणार.

मंगळवारी तेल अविवहून आमच्या प्रमुखाचा फोन आला. गुरुवारी तो दवाखान्याच्या वरिष्ठांना घेऊन येणार होता, पडदा पसंत पडला की रविवारी मावशींची कपाटं आणि खण हलवायचे. मी चार मिनिटांचं सांगितलं.

"वडिलांच्या नावाची चौकट सोडून दे," तो म्हणाला. "कोण शोधतं वडिलांच्या नावात? दोनच चौकटी ठेव, मी पाहिलंय, ते झटकन येतं. बेसेदेर?"

बेसेदेर म्हणजे ठीक. ठीक कसलं! ती चौकट सोडली की वडिलांचं आडनाव टाकल्यावर फक्त नवं, लाल ओळ नसलेलं कोरं कार्ड येणार. लाल ओळीचं कार्ड तिथेच असणार, यंत्राच्या पोटात, आणि कोणालाही दिसणार नाही. दम्याने तोंडातून शब्द फुटत नसताना त्यांना कोणी दवाखान्यात आणलं तर? घरात ते एकटे. मी दीडशे-दोनशे किलोमीटर लांब.  एका क्षणी असंही वाटलं, नियम गेला खड्ड्यात, गुपचूप वडिलांच्या नव्या कार्डावर ती ओळ घालून मोकळी होते. कोणाला कळणार आहे?

मावशींना मी हे बोलून दाखवलं. त्या चपातीचा तुकडा मोडत होत्या, तो तसाच हातात राहिला.

"तुझ्या बापाचा तुला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचा कोणाला ठावं? त्यांच्या पोरी नाय आल्या मखशेव घेऊन."

मी तो विचार तिथेच सोडला.

तेवढ्यात खिडकीशी एक बाई आल्या, आडनाव सांगितलं. मावशींनी हात पुसले आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिलं त्या काय करतात ते. पहिल्या खणात बोटं गेली, दोन चिठ्ठ्या निघाल्या. त्या टेबलावर. दुसऱ्या खणात, एक चिठ्ठी. तिसऱ्यात, एक. चारही टेबलावर पसरल्या. त्यांतल्या दोन चिठ्ठ्यांवर नंबर सारखा होता, त्या एकीवर एक ठेवल्या. राहिले तीन नंबर, तीन कार्डं. वळून कपाटातून काढली, बाईंना वडिलांचं नाव विचारलं, दोन परत ठेवली. मी घड्याळाकडे बघत होते. अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

त्यांनी तिन्ही खण एकदम कधीच चाळले नव्हते. कपाटातली कार्डं पहिल्यापासून वाचत बसणं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. एकाच प्रश्नाचे तीन प्रश्न करायचे, प्रत्येक प्रश्न त्याच्या त्याच्या खणाला विचारायचा, उत्तरं एकत्र मांडायची, दुबार असेल ते एकावर एक ठेवायचं. बस. मला जे तीन दिवस सुचलं नव्हतं ते माझ्यासमोर रोज, दिवसातून साठ-सत्तर वेळा घडत होतं, आणि मी त्या खणांना बिचारे म्हणत होते.

"मावशी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण? एक खण होता आधी. मग लोक नावं बदलाय लागले, मग दुसरा केला." तिसऱ्या खणावर त्यांनी हात ठेवला. "आन हा तुझ्या बापाचा."

मला कळेना.

"अरादला आला तवा नवा कार्ड निघाला ना, त्याच सालात एकदा त्याला आणला उचलून. बोलता येईना. मीच होते खिडकीत. आडनाव बघितलं, कोरा कार्ड मिळाला, दिला डॉक्टरला. त्यांनी छातीत दुखत असेल म्हणून तेच इंजेक्शन दिलं." त्यांनी खण जवळ ओढला. "वाचला तो. डॉक्टर म्हणाला दमाच वाढला, कार्डावर काय नाय लिहिलं. पण मी त्याचं तोंड बघितलं गो. त्या आठवड्यात सुताराकडे गेले. सगळी कार्डं एकेक करून काढली आन बापाच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. आठ महिने लागले. पहिली चिठ्ठी त्याची."

वडिलांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मावशींना वाईट वाटेल म्हणून नसेल सांगितलं, की त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, कोण जाणे. मी त्या खणाकडे बघत राहिले. हजारो चिठ्ठ्या, एका बाईच्या हाताने लिहिलेल्या, एका चुकीपायी, जी मुळात तिची चूकही नव्हती. मोठी देवळं पाहून लोकांना जे होतं म्हणतात, ते मला त्या दुपारी त्या खिडकीमागे झालं. डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही.

बुधवारी सकाळी मी माझं ऐटबाज वाक्य मोडलं आणि तीन साधी वाक्यं लिहिली. आताचं आडनाव हे. जुनं आडनाव हे. वडिलांच्या नावाच्या चौकटीत हे. तिन्हींची उत्तरं जोडायची. यंत्राला विचारलं, कसा जाणार? पहिल्यासाठी पहिला इंडेक्स, म्हणालं, दुसऱ्यासाठी दुसरा, तिसऱ्यासाठी तिसरा. बटण दाबून बोट उचलायच्या आत पडदा भरला होता. मी अक्षरशः ओरडले. खिडकीबाहेरची म्हातारी माणसं दचकली.

आता इथे माझी अक्कल आडवी आली. तीन उत्तरं जोडल्यावर काही माणसं दोनदा दिसत होती. दुबार ओळी काढायची तयार सोय यंत्रात असते, पण मला वाटलं, आपण आणखी हुशारी करू. ज्यांचं पहिलं नाव आणि जन्मतारीख सारखी, तो माणूस एकच धरायचा. म्हणजे दोन कार्डंवाल्यांचा घोळही मिटेल. कौतुकाने मावशींना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, वडिलांचं आडनाव एका बोटाने टाइप केलं, यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"तुझा बाप कुठे गेला?"

"हा काय, आहे की."

"हा कोरा. लालवाला कुठे गेला? आन हा माझा दीर, आन त्याचा चुलतभाऊ? दोघांचा एक केलास?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या लोकांत पुरुषांची नावं मोजून दहा-बारा. आणि खेड्यातून आलेल्यांकडे जन्माचा दाखला कसला? इथे विचारलं तेव्हा ज्याने त्याने वर्ष अंदाजाने सांगितलं आणि लिहिणाऱ्याने तारीख घातली पहिली जानेवारी. निम्मं कोकण एकाच दिवशी जन्मलेलं. माझ्या हुशारीने त्यांतल्या कितीतरी जणांना एकमेकांत मिसळून टाकलं होतं, आणि वडिलांच्या दोन कार्डांतून नेमकं लाल ओळीचं गाळलं होतं.

"नंबर बघायचा," मावशी म्हणाल्या, पोराला सांगावं तितक्या सावकाश. "नंबर सारखा तर चिठ्ठीवर चिठ्ठी. नंबर निराळा तर दोन्ही ठेवायच्या. माणूस एक का दोन, ते समोर त्याचं तोंड बघून ठरवायचं. आपण नाय ठरवायचं."

मी माझी हुशारी पुसली आणि यंत्राची तयार सोय वापरली, कार्डाच्या नंबरावर. वडील पुन्हा दोन झाले. इतका आनंद मला त्यांच्याबद्दल क्वचितच झाला असेल.

गुरुवारी प्रमुख आला, वरिष्ठ आले. मावशींनी एका बोटाने चार-पाच आडनावं टाकून दाखवली. प्रमुखाने मला बाजूला घेऊन विचारलं, "ती चौकट काढलीस ना?" मी म्हटलं, "नाही, तिन्ही आहेत." त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कॉफी प्यायला गेला. रविवारी कपाटं गेली. खण मावशी स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. जाताना तिसऱ्या खणातली पहिली चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. पुढे हिब्रूत आडनाव आणि नंबर, मागे मराठीत, पेन्सिलीने: "बोलता आलं नाही तरी शोधणे."

त्यानंतर सहा-सात वर्षं गेली. समिती अजून बसायची होती. मावशी निवृत्त झाल्या, खिडकीत रशियाहून आलेली एक तरुण मुलगी बसू लागली. एका सकाळी मला ऑफिसात फोन आला. वडील जिन्यावर पडले होते, कमरेला जबर मार बसला होता, धक्क्याने दमा उसळला होता आणि शेजाऱ्याने त्यांना दवाखान्यात नेलं होतं. शेजाऱ्याला त्यांचं आडनाव तेवढं माहीत होतं, दारावरच्या पाटीमुळे.

बसमध्ये ते सगळे तास मी ती चिठ्ठी मुठीत धरून बसले होते. वाळवंट सुरू झालं तशी मी इंडेक्स मोजायला लागले. एक, दोन, तीन. मधल्या वर्षांत कोणी नवी आवृत्ती घालताना तिसरा काढून तर टाकला नसेल ना? मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

वडील खाटेवर टेकून बसले होते. नाकाला नळी, हातात चहाचा कागदी पेला. "काय गो, काम टाकून आलीस?" म्हणाले, धापा टाकत. डॉक्टरांनी सांगितलं, दुखण्याचं इंजेक्शन भरून तयार होतं, पण पडद्यावर लाल सूचना दिसली म्हणून ते बाजूला ठेवलं आणि दुसरं दिलं.

मी तशीच खिडकीशी गेले. त्या मुलीला विचारलं, "सकाळी जिन्यावर पडलेले गृहस्थ आणले होते, त्यांची कार्डं शोधायला तुला किती वेळ लागला?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. तिने पडदा माझ्याकडे वळवला. यादीत वडिलांच्या दोन ओळी, एकाखाली एक.

"शोधायला कुठे लागलं?" ती म्हणाली. "आडनाव टाकलं, तर त्यांच्या वयाचे होतेच की दोघे."

मी दवाखान्यातूनच मावशींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला बोलता येत होता?"

"नाही, मावशी."

"तरी सापडला. बरा झाला," त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचं रडू ऐकू आलं.